सहा हजारांत देऊन टाकू का हा कॅमेरा?

सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ६३, राहणार सहकारनगर, पुणे. माझ्याकडे निकॉनचा डी-९० आहे, १८-१०५ लेन्ससकट. दादाने २०१० साली घेतला होता, पुढे मला दिला. रोज सकाळी तळजाईवर जाते, थंडीत आमचा ग्रुप कवडीपाट, भिगवण करतो. माझ्या पाच फोटोंतले चार पक्ष्यांचेच असतात, पण पक्षी येतो ठिपक्याएवढा. शिवाय कॅमेरा गळ्यात अडकवून दोन तास फिरलं की मान आणि खांदा धरतो. ग्रुपमधल्या एकींनी सुपरझूम, म्हणजे खूप लांबचं जवळ आणणारा छोटा कॅमेरा, घेतलाय, त्यांच्या फोटोत रोहित पक्ष्याचा डोळासुद्धा दिसतो. भाचा म्हणतो, "आत्या, बाबांचा तो डबा आता केळकर म्युझियमला देऊन टाक." दुकानदार जुन्याचे सहा हजार नव्यात वळते करून द्यायला तयार आहे. माझं बजेट ४५ हजार. जानेवारीत नातीचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) आहे भरत नाट्य मंदिरात, आणि फोटो मीच काढणार असं कबूल करून बसलेय. काय करू?
ता. क. कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर सुटलंय. फेविक्विकने चिकटवू का?
— एक आत्या, सहकारनगर

ताई, नमस्कार.

विकू नका. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण पानभर प्रस्तावना लिहून शेवटच्या ओळीत उत्तर देणाऱ्या मुलांना तुम्ही किती मार्क दिले असतील याचा अंदाज आहे. पक्ष्यांसाठी हलका सुपरझूम घ्या, डी-९० घरात राहू द्या, आणि त्याला एक छोटीशी जुनी लेन्स मिळवून द्या. ती कोणती, ते अरंगेत्रमपाशी आल्यावर सांगतो.

तुमचे पक्षी ठिपक्याएवढे येतात यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. कवडीच्या बंधाऱ्यावर उभ्या आहात आणि तीस मीटरवर एक शेकाट्या चिखलात चोच खुपसतोय असं धरा. तुमची लेन्स १०५ मिलिमीटरपर्यंत पूर्ण ताणली तरी त्या अंतरावरची पावणेसात मीटर रुंदी चौकटीत येते. एखाद्या हॉलची भिंतच म्हणा ना. त्या भिंतीवर ३५ सेंटीमीटरचा पक्षी. डी-९० चा फोटो ४,२८८ पिक्सेल रुंद असतो, त्यातले जेमतेम सव्वादोनशे शेकाट्याच्या वाट्याला येतात. त्याचे लांबलचक गुलाबी पाय ओळखू आले तरी पुष्कळ, डोळा कुठून दिसणार?

आता त्याच जागी कॅननचा एसएक्स-७० घ्या. हा २०१८ सालचा, ६५ पट झूमचा कॅमेरा. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर १,३६५ मिलिमीटरच्या लेन्सइतकी त्याची पोच आहे. तुमची १०५ त्या भाषेत होते १५७. तीस मीटरवर त्याच्या चौकटीत फक्त पाऊण मीटर रुंदी मावते, म्हणजे शेकाट्याने जवळजवळ अर्धी चौकट भरली. सव्वादोनशेच्या जागी दोन हजारांहून जास्त पिक्सेल. तुमच्या मैत्रिणीच्या रोहिताचा डोळा दिसतो तो असा.

पण एवढी पोच एवढ्याशा डब्यात कशी मावली? सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी पट्टी, लहान करून. डी-९० चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा आहे, साधारण पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढा. या सुपरझूममधला असतो सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. क्षेत्रफळात तेरापटीचा फरक. सेन्सर लहान म्हटल्यावर छोट्या लेन्सनेही पक्षी मोठा दिसतो, कारण चौकटच आखूड झालेली असते. हा खेळ सगळा तुरीच्या डाळीचा आहे. आणि त्या डाळीवर वीस मेगापिक्सेल कोंबले की एकेक पिक्सेल एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास येतो. झूम पूर्ण ताणल्यावर लेन्सचं छिद्र होतं एफ/६.५ (हा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान), आणि इतक्या बारीक छिद्रातून येणारा प्रकाश थोडा पसरतो. एका बिंदूचा प्रकाश सहा-सात पिक्सेलांच्या रुंदीचा ठिपका होऊन पडतो. तेव्हा खोक्यावर वीस मेगापिक्सेल लिहिलं असलं तरी त्या टोकाला वीसचा तपशील मिळत नाही. पिसाची कड मऊ येते, कधी जलरंगात ओढल्यासारखी.

तरी मी घ्या म्हणतोय. मऊ का होईना, दोन हजार पिक्सेलांचा शेकाट्या तुमच्या सव्वादोनशे पिक्सेलांच्या ठिपक्यापेक्षा कधीही बरा. फक्त ऊन हवं. भिगवणला सकाळी आठ ते दहा, सूर्य पाठीशी, होडीत आरामात बसलेल्या, तेव्हा हा छोटा कॅमेरा राजासारखा चालतो. अकरानंतर उजनीच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग कुणाचीही लेन्स असो, लाखाची असो की तुमची, रोहित पाण्यात विरघळल्यासारखाच येतो. अशा वेळी कॅमेरा पिशवीत घालावा आणि कुंभारगावात जेवायला जावं. आणखी एक: पोच वाढली की होडीवाल्याला "अजून थोडं पुढे घे" म्हणायची वेळ येत नाही. तेवढंच पक्ष्यांनाही बरं.

आता तुमच्या भाच्याने कदाचित सुचवलेलं, किंवा लवकरच सुचवेल असं: "डी-९० लाच ७०-३०० लेन्स लाव." सल्ला वाईट नाही. ३०० वर तोच शेकाट्या सव्वासहाशे पिक्सेलांचा होतो, आणि ते पिक्सेल चांगले असतात. सिंहगड व्हॅलीत सावलीत बसलेला स्वर्गीय नर्तक किंवा कवडीला पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय टिपायचा असेल तर मी हेच सांगितलं असतं. झाडीतल्या अंधारात आणि उडत्या पक्ष्यापुढे सुपरझूम गोंधळतो. त्याचा फोकस पुढे-मागे चाचपडतो आणि तेवढ्यात पक्षी पुरंदर तालुक्यात पोचलेला असतो. पण निकॉनची ती कंपनाला आवर घालणारी ७०-३०० लेन्स एकटीच ७४५ ग्रॅमची आहे. डी-९० बॅटरीसकट ७०० ग्रॅम. दोन्ही मिळून जवळजवळ दीड किलो. आत्ता तुमच्या गळ्यात १,१०० ग्रॅम आहेत आणि तेवढ्यानेच मान धरतेय. तेव्हा ती वाट तुमच्यासाठी नाही.

वजनाचाच विषय निघाला म्हणून सावध करतो. दुकानात गेलात की काउंटरवरचा मुलगा सगळ्यात मोठा झूम पुढे करेल. ८३ पट, १२५ पट! त्यात निकॉनचा पी-९५० आहे, २०२० सालचा. तुमच्या टोकाच्या झूमपेक्षा बारा-तेरा पट जास्त पोच, फोटोही छान, पण वजन एक किलो. पी-१००० तर एक किलो चारशेच्या वर. मान दुखते म्हणून डी-९० सोडायचा आणि तेवढंच ओझं नवं विकत आणायचं? ६५ पटवाला एसएक्स-७० सहाशेदहा ग्रॅमचा आहे. तुमची वरची मर्यादा तीच ठेवा.

खालच्या टोकाला खिशात मावणारे असतात. कॅननचा एसएक्स-७४० तीनशे ग्रॅमचा, ४० पट झूमचा. मोह होईल, पण त्याला डोळा लावायची खिडकी नाही, सगळं मागच्या स्क्रीनवर बघायचं. कवडीच्या उन्हात स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. आणि हात लांब करून धरलेला कॅमेरा ९६० च्या झूमवर असा हलतो की पक्षी चौकटीत टिकतच नाही. कपाळाला टेकवलेला कॅमेरा म्हणजे तिसरा हात. त्यामुळे खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असल्याशिवाय घेऊ नका. पॅनासॉनिकच्या २०१९ च्या टीझेड-९५ ला आहे, तोही सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, ३० पट झूमचा. गंमत म्हणजे त्याच्यानंतर आलेल्या टीझेड-९९ मधून ती काढून टाकली. नवं ते सरसकट चांगलं असं नसतं. कोरा कॅमेरा बजेटात बसत नसेल तर वर्ष-दोन वर्षं वापरलेला चालेल.

नवा हातात आल्यावर पहिले आठ दिवस तुम्ही मला शिव्या द्याल. झूम ताणून झाडाकडे वळवलात की दिसेल नुसतं आकाश, नाहीतर एखादं अनोळखी पान. पक्षी सापडतच नाही. एसएक्स-७० ला यासाठी एक बटण आहे: दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी पुन्हा मध्यावर घ्यायचा, सोडलं की झूम परत जागेवर. तळजाईवर कावळे भरपूर आहेत, त्यांच्यावर हात बसवा. कावळे पोझ देतात आणि पैसे मागत नाहीत.

आता अरंगेत्रम. डी-९० विकू नका म्हणतोय ते सगळं यासाठी.

हा धडा मी स्वतः फी भरून शिकलोय. काही वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात हेच आलं होतं, की एका कॅमेऱ्यात सगळं भागतंय तर दोन कशाला? जुना डीएसएलआर (तुमच्या डी-९० सारखा, लेन्स बदलता येणारा) विकला, सुपरझूम घेतला, दोन महिने पाषाण तलावावर मिरवला. मग आलं विसर्जन. रात्री लक्ष्मी रोडवर ढोलपथकासमोर उभा राहिलो. गुलाल, पिवळे दिवे, टिपऱ्या हवेत. चारशे फोटो काढले. घरी येऊन संगणकावर उघडले तर एकही चेहरा चेहऱ्यासारखा नाही, सगळे ओल्या फडक्याने पुसलेल्या रांगोळीसारखे. कॅमेऱ्याची चूक नव्हती. तुरीच्या डाळीला रात्रीच्या मिरवणुकीत घेऊन गेलो, ती माझी. विकलेला कॅमेरा परत मिळवायला पुढे किती पडले ते घरात अजून सांगितलेलं नाही.

नाट्यगृहात काय होतं ते आकड्यांत सांगतो. नात नाचणार, म्हणजे शटर एक बटा अडीचशे सेकंदाला उघडून मिटलं पाहिजे, नाहीतर हस्तमुद्रा फासल्या जातात. रंगमंचावरच्या साध्या उजेडात यासाठी एफ/२.२ चं छिद्र आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) १६०० लागेल असं समजा. डी-९० ला १६०० झेपतं. थोडे दाणे येतील, पण डोळे, काजळ, टिकली जिथल्या तिथे. सुपरझूमचं छिद्र तेवढीच चौकट धरताना चारच्या खाली उतरत नाही, म्हणून त्याला आयएसओ पाच हजारांवर न्यावा लागेल. एसएक्स-७० ची कमाल आहे ३,२००, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचे फोटो माझ्या ढोलवाल्यांसारखे झालेले असतात.

तुमच्या १८-१०५ लाही एफ/२.२ जमत नाही, म्हणून ती छोटी लेन्स. तिचं नाव निकॉन ५० मिलिमीटर एफ/१.८ डी. वजन दीडशे ग्रॅम, वाटीएवढी, आणि वापरलेली सहज मिळते. दुकानदार म्हणेल, "मॅडम, ही जुनी, ऑटोफोकस चालणार नाही." डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर खरंच चालत नाही, कारण लेन्सच्या पोटात मोटर नाही आणि त्या कॅमेऱ्यांच्याही नाही. तुमच्या डी-९० मध्ये ती आहे. लेन्स बसवायच्या कड्याजवळ स्क्रूसारखं एक टोक बाहेर आलेलं दिसेल, तेच लेन्सचा फोकस फिरवतं. निकॉनचं हे कडं १९५९ पासूनचं आहे, त्यामुळे जुना माल मुबलक. तुमचा तो डबा म्युझियमला जायचा तेव्हा जाईल, पण २००८ साली व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणून तो तिथे मानाने बसेल, हे भाच्याला कळवा.

५० मिलिमीटरची लेन्स लावून तीस-पस्तीस फुटांवर बसलात तर आडव्या चौकटीत साधारण दहा फूट उंची येते. नात पूर्ण मावते, हात वर नेले तरी बोटं कापली जात नाहीत. तेवढ्या अंतराची कडेची खुर्ची आधीच सांगून ठेवा. रंगीत तालीम असेल तर तिलाही कॅमेरा घेऊन जा, अर्धे चांगले फोटो तिथेच मिळतात. मागचा पडदा काळा असतो आणि कॅमेरा त्या काळोखाला फसून चेहरा पांढराफटक करतो. उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ किंवा उणे १ वर ठेवा. फ्लॅश बंद, फोकस करताना समोर लागणारा छोटा दिवा बंद, बीप बंद. फाइल रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेली, मूळ) ठेवा, म्हणजे नंतर रंग सावरता येतात. आणि डी-९० चा खटका तीन रांगांना ऐकू जातो, तेव्हा अभिनयाच्या शांत जागी हात आवरा. जती, म्हणजे बोलांवरचा जलद तालाचा तुकडा, रंगात आली की मृदंग तुमचा आवाज पोटात घेईल. तिच्या शेवटी नर्तकी क्षणभर थांबते, ती जागा पकडा. तुम्हाला तिच्या सरावामुळे जती पाठ असेलच, बाहेरून बोलावलेल्या फोटोग्राफरला ती नसते.

व्हिडिओ मात्र डी-९० वर काढू नका. त्याची एचडी दर्जाची एक चित्रफीत पाच मिनिटांत थांबते, फोकस मध्ये बदलत नाही, आणि वर्णम, म्हणजे कार्यक्रमातली मुख्य रचना, एकटीच अर्ध्या तासाची असते. त्या दिवशी सुपरझूम तिपाईवर लावून भाच्याच्या ताब्यात द्या. व्हिडिओला शटर मंद चालतं, त्यामुळे तिथे तो फार लाजवत नाही. भाच्यालाही काम मिळेल.

पैसे देण्याआधी मडकं वाजवून घ्या. स्वतःचं कार्ड सोबत न्या. दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवर पूर्ण झूम करा आणि चार-पाच फोटो काढा. मग आत वळून दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याचे काढा. दुकानातल्या स्क्रीनवर ठरवू नका, तिथे सगळंच गोड दिसतं. घरी संगणकावर मोठं करून बघा आणि दुसऱ्या दिवशी जा. थांबायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊच नका. ५० ची जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करा.

हीच तपासणी आज घरी १८-१०५ ची करा. कॅमेरा कुठे ठेवता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत तो साड्यांच्या कपाटात, मऊ जुन्या कापडात गुंडाळून, शेजारी डांबराच्या गोळ्या असा असतो. तसं असेल तर आजच बाहेर काढा. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कॅमेऱ्याजवळ ठेवू नका असं निकॉनच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. हवाबंद झाकणाचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला डबा उघडून दहा-वीस फोटो काढायचे. चामडी कव्हर डब्याबाहेर, ते ओल धरतं. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घाला. बॅटरी सोळा वर्षांची असेल तर अरंगेत्रमच्या आधी नवी घ्या आणि पूर्ण चार्ज करून दोनशे फोटो काढून बघा.

मानेसाठी एवढंच: पट्टा गळ्यात नको, तिरका, खांद्यावरून कमरेपर्यंत. हे नव्या कॅमेऱ्यालाही लागू.

आणि रबर. या मॉडेलचं रबर वर्षानुवर्षं हाताच्या घामाने फुगतं आणि सुटतं, तुमच्या एकटीच्याच कॅमेऱ्याचं नाही. फेविक्विक अजिबात नको. त्याच्या वाफा वाळताना जवळच्या काचेवर पांढुरका थर धरतात, आणि पुढे रबर काढायची वेळ आली तर प्लास्टिकही सोबत येतं. रबर पूर्ण सोलून काढा, आतला जुना गोंद स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा, दिवसभर वाळू द्या आणि पातळ दुहेरी चिकटपट्टी लावून बसवा. फुगल्यामुळे ते कडेला दोन-एक मिलिमीटर जास्त भरेल, तेवढं ब्लेडने कापा.